याच्यापेक्षा मोठा दाखवा

आमच्या शिवकांताअक्कानं आयुष्यात एकाच गिऱ्हाइकाला फसवलं, अन् ते ठरवून, वर्षानुवर्षं फसवलं. बाकी सगळ्या लातूरला विचारा. औसा रोडच्या तिच्या दुकानात कुणी ऐटीत यावं, "म्याडम, सगळ्यात भारी कॉम्प्युटर दाखवा" म्हणावं, की अक्काचा पहिला सवाल ठरलेला, "करायचं काय हाय त्याच्यावर?" गिऱ्हाईक सांगणार, पत्रं टाईप करायची, पोरीला शिकवायचं. "मग हा बारका घ्या अन् घरी जा. भारी घेऊन काय चंद्रावर जायचंय का?" अंबाड्यात स्क्रू-ड्रायव्हर खोचून हे असं तोंडावर सांगणारी बाई. मी तिची मामेबहीण बसम्मा. दुकानात बिलं फाडायला मीच बसते, त्यामुळं हातातोंडाशी आलेलं गिऱ्हाईक ती कसं घालवते ते मी रोज बघायची अन् कपाळाला हात लावायची. "अगं अक्का, तो घ्यायला तयार हाय तर तुझं काय जातंय?" तर म्हणायची, "त्याला लागत न्हाई ते त्याच्या गळ्यात कशाला बांधू? मी काय त्याची दुश्मन हाय का?"

दुश्मन एकच होता. रामकिशन सर, विजयध्वज क्लासेसवाला. त्याला अहो-जाहो म्हणायला माझी जीभ वळत न्हाई, म्हणून मी 'तो'च म्हणणार. कुणाला राग आला तर येऊ द्या.

अक्का म्हणजे माझ्या आत्याची थोरली. निलंगा तालुक्यात त्यांचं गाव. भूकंपाच्या साली गणपती बुडवून लोक झोपले अन् पहाटे अख्खं गाव खाली बसलं. आत्या गेली, तिचे मालक गेले, मांडीवरचं पोरगं गेलं. अक्का नऊ-दहा वर्षांची असंल. उन्हं वर आल्यावर लोकांनी माळवदाच्या मातीतून तिला पायाला धरून ओढून काढली. माझे बाबा तिला निलंग्याला घेऊन आले अन् ती आमचीच झाली. माझ्या वेण्या घालायची, मी रडले की मला कडेवर घेऊन अंगणात फिरायची. गावाचं नाव तिनं कधी काढलं न्हाई, अन् आम्हीही काढलं न्हाई.

दहावीला तिला चांगले मार्क पडले. लातूरचं नाव तवा नुकतं गाजायला लागलं होतं. भोकर, धर्माबादपासून पोरं यायची, एका खोलीत चार-पाच जण राहायची, अन् सगळ्यांना डॉक्टर व्हायचं असायचं. बाबांनी पोटाला चिमटा काढून अक्काला रामकिशन सरच्या क्लासला घातलं. हा गडी फिजिक्स शिकवायचा. मोठा हॉल, समोर माइक, अन् पोरांची तोबा गर्दी. शिकवायला चांगला होता, न्हाई म्हणत न्हाई मी. पण त्याचं खरं नाव होतं टोमण्यांसाठी. उत्तर चुकलं की त्या पोराला उभं करायचा अन् असा एक टोला हाणायचा की अख्खा हॉल हसून लोळायचा. पोरं म्हणायची, सरांच्या क्लासला झोप येत न्हाई.

एकदा अक्काचं उत्तर चुकलं. त्यानं तिला उभं केलं. ती कुठली, कुणाची, कशी वाचली, सगळं त्याला ठाऊक होतं, बाबांनी स्वतः हात जोडून सांगितलं होतं की लेकराकडं जरा लक्ष ठेवा. त्या माणसानं माइक तोंडाशी धरला अन् म्हणाला, "घर पडलं तवा अक्कल ढिगाऱ्याखालीच राहिली का गं तुझी?"

हॉल हसला. नेहमीसारखा हसला.

अक्का त्याच दिवशी ट्रंक उचलून एसटीनं घरी आली. बाबांनी विचारलं, आईनं विचारलं, एक अक्षर बोलली न्हाई. मला सांगितलं, ते पण लई वर्षांनी, तिचं लग्न झाल्यावर. सांगताना तिचे डोळे कोरडे होते, माझेच भरून आले. मी म्हटलं, "मुडदा बसवला त्याचा!" तर अक्का म्हणाली, "मुडदा नको. मेलेला माणूस ऐकत न्हाई. त्याच हॉलमध्ये, तेवढ्याच पोरांसमोर, त्याच्यावर हसू उठलं पाहिजे. ते मला माझ्या कानानं ऐकायचंय. दुसरं काही नको."

डॉक्टरकी तर गेलीच होती. तिनं नांदेडला जाऊन कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स केला. तवा त्या वर्गात ती एकटी पोरगी. नवरा मिळाला एसटीत कंडक्टर, गरीब माणूस, हिच्या शब्दाबाहेर न्हाई. लातुरात दुकान टाकलं, पाटी लावली, 'शिवकांता कॉम्प्युटर्स'. ट्यूशन एरियात क्लासवर क्लास निघत होते, कॉम्प्युटर सगळ्यांना लागायचे. धंदा बरा चालला.

अन् एके दिवशी हा आपल्या पायानं दुकानात आला. टकलावरचा घाम पुसत पंख्याखाली बसला. "पेपर टाईप करायला एक कॉम्प्युटर पायजे होता," म्हणाला. अक्का एक मशीन उघडून बसली होती. तिचा हात थांबला. मी तिच्याकडं बघितलं. म्हटलं, आता ही काय हातात येईल ते फेकून मारते!

कसलं काय. अक्का उठली, त्याला पाणी दिलं, अन् इतकी गोड बोलली की मी तोंडात बोट घातलं. "सर, तुमच्यासारख्या माणसाला हा साधा शोभत न्हाई." अन् तिनं त्याला असं मशीन दिलं की ज्याच्यावर लोक सिनेमे तयार करतात. हा त्याच्यावर काय करणार? तर एक चेंडू वर फेकला तर किती उंच जाईल, असे प्रश्न टाईप करणार.

तो गेल्यावर मी विचारलं, "हे काय गं?"

"सुरुवात," अक्का म्हणाली.

तिचा डाव असा होता. ज्याच्या टाळूला घमेंड चढली त्याला कमी देऊन त्याची फजिती होत न्हाई, जास्ती देऊन होते. याला चढवत न्यायचं. एकापेक्षा एक मोठं मशीन गळ्यात घालायचं. त्यानं ते मिरवायचं, पोरांना दाखवायचं. अन् मग एके दिवशी त्याच्याच हॉलमध्ये, त्याच्याच माइकवर सांगायचं की पोरांनो, तुमच्या सरांनी पाव किलो वांगी आणायला ट्रक घेतलाय. बघा कुणाची अक्कल कुठं राहिली ते. मी म्हटलं, अक्का, तू बाई हायस का कोण हायस! पण मला मजा वाटली. खोटं कशाला बोलू, मी तिच्यापेक्षा जास्ती वाट बघायला लागले.

पुढच्या वेळी अक्कानं सहज सांगितल्यासारखं केलं, "नांदेडच्या एका क्लासवाल्यानं परवा याच्या दुप्पट ताकदीचा नेला." धादांत खोटं. तो म्हणाला, "मग मला बी तोच द्या." त्याच्या पुढच्या वेळी तर अक्काला खोटं बोलायची गरजही पडली न्हाई. आला, बसला अन् स्वतःच म्हणाला, "शिवकांताबाई, याच्यापेक्षा मोठा दाखवा." दर दिवाळीच्या आगेमागे यायचा. रॅम वाढवून न्यायचा, प्रोसेसर नवा न्यायचा, अन् जाताना तेच, "पुढच्या वेळी याच्यापेक्षा मोठा." शेवटी कपाटाएवढा सर्व्हर आला. त्याला वेगळी खोली, वेगळी लाइन, रात्रंदिवस एसी. त्या खोलीत काम काय चालायचं? हजेरी अन् टेस्टचे मार्क. तेसुद्धा क्लासचा क्लार्क गुंडप्पा कोपऱ्यातल्या जुन्या डबड्यावर करायचा, कारण नव्याला हात लावायची त्याला भीती वाटायची. खोली गार असते म्हणून सर्व्हरच्या मागं तो ताकाची बरणी तेवढी ठेवायचा. हे कळलं त्या दिवशी मी अन् अक्का दुकानाचं शटर अर्धं ओढून पोट धरून हसलो.

पण एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली होती. हा माणूस कधी घासाघीस करायचा न्हाई. लातूरचा माणूस मेथीची जुडी घेताना दहा मिनिटं हुज्जत घालतो, अन् हा एवढं घेऊन जातो अन् विचारत पण न्हाई की हे करतं काय? मी अक्काला म्हटलं, "हे सरळ न्हाई. हा विचारत कसा न्हाई?" अक्का म्हणाली, "घमेंडी माणूस विचारत नसतो. विचारलं तर त्याला येत न्हाई असं होतं ना." मला ते पटलं न्हाई. पण अक्काच्या डोक्यात तो हॉल अन् ते हसू याच्याशिवाय दुसरं काही शिरतच नव्हतं. नवरा म्हणाला, सोड आता, तर त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला.

मग तो दिवस आला. खंडेनवमीला आपल्याकडं हत्याराची पूजा असते. शेतकरी नांगर-कुळव पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, अन् क्लासवाले कॉम्प्युटर पुजतात. रामकिशन सरनं निरोप धाडला की यंदा सर्व्हरचा पडदा हॉलमध्ये मांडून त्याची पूजा सगळ्या पोरांसमोर करायची, आईबापांना पण बोलावलंय, अन् शिवकांताबाईंनी स्वतः येऊन पोरांना चार शब्द सांगावेत.

अक्कानं निरोप दोनदा ऐकला. "बसू," मला म्हणाली, "नवी साडी काढ."

तिनं सगळी तयारी केली. आदल्या दिवशीच क्लासवर जाऊन स्टेजवर मोठा पडदा लावला, आतल्या खोलीतून वायरी ओढल्या. एका बाजूला सर्व्हरची जोडणी, दुसऱ्या बाजूला गुंडप्पाचं जुनं डबडं. दोघांवर एकाच टेस्टची मार्कांची यादी लावायची होती. दोन्हीकडं पापणी लवायच्या आत यादी येणार, डावी-उजवीत तिळाचा फरक दिसणार न्हाई. मग माइक हातात घ्यायचा अन् पोरांना विचारायचं, सांगा रे, हे कपाट कशाला घेतलं असंल तुमच्या सरांनी? बाकीचं पोरंच बघून घेतील. अशी टोमण्यांवर वाढलेली पोरं, त्यांना इशारा पुरे.

आम्ही गेलो तवा हॉल गच्च भरला होता. झेंडूच्या माळा, उदबत्त्या, मागं आयाबाया लेकरं घेऊन बसलेल्या. अक्कानं एकवार हॉलभर नजर फिरवली. त्या दिवशी कुठल्या रांगेत ती उभी होती ते बघत असंल. मी तिचा हात धरला तर हात तापलेला.

तेवढ्यात रामकिशन सर आला अन् म्हणाला, "जरा आत या." आम्हाला सर्व्हरच्या खोलीत नेलं अन् दार लावून घेतलं. आत त्याची बायको केवळाबाई उभी. हातात ताट. ताटात नारळ, खण, तांदूळ, हळदी-कुंकू अन् एक भारी साडी.

"शिवकांता," तो म्हणाला. बाई न्हाई, नुसतं शिवकांता. "आधी ओटी घे. लेक म्हणून घे आमची. अन् मनातून ते काढून टाक."

अक्का म्हणाली, "काय काढून टाकू?"

त्याची मान खाली गेली. "तुझ्या पाटीवर नाव वाचलं तवाच वळखलं मी तुला. म्हून तर पायरी चढलो तुझ्या दुकानाची, औसा रोडला काय दुसरी दुकानं नव्हती? तू मला लागत न्हाई ते देत होतीस. मला कळत नव्हतं व्हय गं? फिजिक्स शिकवतो मी. पण म्हटलं, घ्यावं. देईल ते घ्यावं. तुझ्याकडून काय ना काय नेत राहिलो की माझ्या जिवाला जरा बरं वाटायचं. ते बोललो त्या दिवसापासून..."

केवळाबाईनं पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, झालं, संपलं. आता अक्का रडणार, ओटी घेणार, अन् आपण घरी जाऊन जेवणार. माझ्या जिवाला वाईट वाटलं ते निराळंच. एवढ्या वर्षांचा डाव, एवढी मजा, अन् हा गडी सगळं ठाऊक असून मुकाट घेत राहिला होता!

अक्काच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. असं तोंड मी तिचं कधी बघितलं न्हाई.

"म्हंजे इतकी वर्षं तुम्ही माफी विकत घेत राहिलात," ती म्हणाली, "अन् मी येडी ती विकत राहिले?"

"तसं न्हाई गं..."

"तसंच हाय. मला विचारलं का, की ही विकायला काढली हाय का म्हून? माझा सूडसुद्धा मला नीट घेऊ दिला न्हाई तुम्ही." तिचा आवाज चढला. पण त्या खोलीत पंख्यांची अन् एसीची अशी घरघर चाललेली की बाहेर काही ऐकू जाणार नव्हतं. तिच्याही ते ध्यानात आलं. तिनं एकदा दाराकडं बघितलं. "बोलला तवा माइकवर बोलला. अन् माफी मागता दार लावून व्हय?"

केवळाबाई ताट घेऊन पुढं सरकली. "घे बाई, ओटी नाकारू नये."

"तुमच्यावर राग न्हाई माझा," अक्का म्हणाली. "पण ओटी माहेरची असते. माझं माहेर निलंग्याला हाय, हिच्या बापाच्या घरी. ते ताट खाली ठेवा."

केवळाबाईनं ताट खाली ठेवलं.

"काय करू सांग," तो म्हणाला. "तू म्हणशील ते करतो."

"बाहेर जा. माइक घ्या. त्या दिवशी काय बोललात ते पोरांना तसंच्या तसं सांगा. एक शब्द इकडं-तिकडं न्हाई. अन् मग म्हणायचं ते म्हणा."

"पोरांसमोर? आईबाप आलेत सगळे. माझी इज्जत..."

"माझी नव्हती?"

एवढी कपाटं घेतली गड्यानं, खोली बांधली, वीज जाळली, पण हे एवढंच त्याला महाग पडत होतं. मग त्यानं दार उघडलं अन् बाहेर गेला. मी अक्काला हळूच विचारलं, "दोन्ही मशीनचं दाखवायचं का?" ती म्हणाली, "न्हाई. आता ते नको." आम्ही जाऊन पहिल्या रांगेत बसलो.

तो स्टेजवर चढला तशा टाळ्या पडल्या. त्यानं माइक हातात घेतला. उगाच घसा खाकरला, हार घातलेल्या पडद्याकडं बघितलं, अन् मग समोर बघून म्हणाला, "पोरांनो, लई वर्षं झाली. या हॉलमध्ये माझी एक विद्यार्थिनी होती. भूकंपात घर गेलेली, आईबाप गेलेली. तिचं एक उत्तर चुकलं. मी तिला उभं केलं अन् म्हणालो..." इथं तो थांबला. पोरं गालात हसायला लागली, कारण टोला मारायच्या आधी तो नेहमी असाच थांबायचा. "म्हणालो, घर पडलं तवा अक्कल ढिगाऱ्याखालीच राहिली का गं तुझी?"

अन् हॉल हसला.

देवा! सगळा हॉल हसला. पुढची पोरं हसली, मागची हसली, पोरांचं बघून आयाबाया पण हसल्या. काही पोरांनी बाकं वाजवली. त्यानं हात वर केला, गप्प बसा म्हणून, तर पोरांना वाटलं सर अजून काहीतरी म्हणणार हायत, ती आणखी हसली. मी अक्काकडं बघायचं धाडस केलं न्हाई. तिचा हात माझ्या हातात होता. तेवढाच मला कळत होता, अन् तो आता थंडगार पडला होता.

स्टेजवर त्याचं तोंड पांढरं फटक पडलं. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मग आला. "हसण्यासारखं नव्हतं रे ते," तो म्हणाला. "पोरांनो, हसण्यासारखं नव्हतं." अन् माइक तोंडाशी तसाच धरून तो रडायला लागला. मोठा माणूस रडताना माइकवर कसं ऐकू येतं ते तुम्ही ऐकलं नसंल. ऐकू पण नका. पुढच्या रांगा गप्प झाल्या, मग मधल्या, मग सगळ्यात शेवटी मागच्या. कुणी तरी लेकराला दटावलं. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. त्याला "चुकलो" म्हणायचं होतं, पण "चु" च्या पुढं जाता येईना, अन् माइक खाली ठेवायचंही सुधरेना.

माझ्या शेजारी पाण्याची बाटली होती. माझा काय तो शत्रूच होता, तरी माझं मला कळायच्या आत मी ती उचलली अन् उठले.

अक्कानं माझा पदर धरून मला खाली ओढलं. ती त्याच्याकडंच बघत होती, डोळ्याला डोळा लावून.

"बस खाली," ती म्हणाली. "मला कुणी पाणी दिलं नव्हतं."

मी बसले.